राजा गेतारचा ऑगस्ट

१ जुलै, मंगळवार

पत्रकं परत आली. सगळीच्या सगळी! वाडीच्या मुखियाने मासळीच्या टेम्पोत घालून पाठवली, वर मला निरोप — "बू निंग, यात तळलेली केळी बांधली तर शाई लागते. नको आम्हाला." चार वर्षं मी ही पत्रकं काढतेय. भूकंप झाला तर काय करावं, लाट आली तर कुठे पळावं. नकाशा, बाण, सगळं. केळी बांधायलासुद्धा उपयोगाची नाहीत.

आमचे साहेब, पाक हेंदार्तो, बैठकीत म्हणाले, "लोक वाचत नाहीत. लोक नाचतात. आपण गाणं काढू या." आपत्ती कार्यालयाने गाणं काढायचं! मला वाटलं कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही, तेव्हा कळलं की हे होणार. कोणाच्या गळ्यात पडणार तेही कळलं.

पाय सुजलेत. मिठाच्या पाण्यात ठेवून लिहितेय.

४ जुलै

गायिका ठरली — विवी राहाजेंग. बारा वर्षांपूर्वी हिच्या दांगदुत गाण्यांवर सगळा पूर्व जावा कंबर हलवत होता. आता लग्नांत गाते. प्रत्यक्षात बुटकी आणि दमलेली आहे, मला आवडली. अर्धा तास आम्ही गुडघ्याच्या तेलाबद्दल बोललो. कामाचं पाच मिनिटं.

म्हटलं, मला गाण्यात एकच गोष्ट हवी. वीस. हादरा किती जोराचा ते बघायचं नाही, किती वेळ ते बघायचं. विसापर्यंत मोजा, तरी जमीन हलतेच आहे, तर टेकडी गाठा. सामान नाही, कुलूप नाही.

विवी म्हणाली, "ताई, नाच आठ मात्रांत बसतो. वीस मोजत बसले तर लोक चहा प्यायला जातील."

वीस म्हणजे वीस, म्हटलं. ती हसली. "बरं बाई. कार्यालयाचा हुकूम."

६ जुलै, रविवार

बापाककडे, म्हणजे वडिलांकडे, वाडीवर. जाताना अठ्ठावीस किलोमीटर, येताना पन्नास असल्यासारखे वाटतात.

अठ्ठ्याहत्तर झाले त्यांना. कान गेले ते बोटीच्या इंजिनापायी. डाव्या कानात ओरडलं तर थोडं पोचतं, नाहीतर हातवारे. पण तळपाय शाबूत! अंगणात मांजर उतरलेलं त्यांना पायाने कळतं. लाट आली त्या वर्षी जमीन पाळण्यासारखी हळू हलली होती, फळीवरचं भांडंसुद्धा पडलं नाही. कोणी उठलं नाही. बापाक उठले. मला दंडाला धरून ओढत टेकडीवर नेलं. आई म्हणाली, चूल विझवून येतेच. तीस वर्षं झाली.

तेव्हापासून जरा कुठे हललं की बापाक निघाले. भात ताटात असो की लुंगी अर्धी नेसलेली असो. वाडी आपल्या म्बाला, आजोबांना, हसते — "म्बा सार्कुम निघाले, ताट झाकून ठेवा." ते कोणाला काही म्हणत नाहीत. तासभर वर बसतात, परत येतात, गार भात खातात. विसाचा आकडा मला कोणत्याही प्रशिक्षणात नाही मिळाला, तो त्यांचा आहे.

पुन्हा म्हटलं, शहरात चला माझ्या खोलीवर. म्हणाले, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर पायाला काय कळणार? तिथे सगळंच हलतं."

११ जुलै

गाणं झालं. चांगलं झालंय, हे लिहायला जिवावर येतंय. "एक म्हण, दोन म्हण, जमीन झाली नाचरी" — अशी सुरुवात, आणि मग विवी वीस मोजते. दर आकड्याला आवाज एक पायरी वर. अठराला तर अंगावर काटा येतो. विसाला ढोल थांबतात आणि ती नुसती म्हणते, "चल वर." तंत्रज्ञ पोरगा विसाला खुर्चीतून अर्धा उठला. मी पाहिलं!

१६ जुलै

शाळेतली पोरं मोजताहेत. शौचालयाच्या रांगेत मोजताहेत. आमच्या कार्यालयाचा शिपाई लिफ्टची वाट बघताना मोजतो. चार वर्षांची पत्रकं एकीकडे आणि विवीचं अठरा एकीकडे.

२१ जुलै

साहेबांना आता थांबवणं कठीण. ऑगस्ट आला — सतराला स्वातंत्र्यदिन, म्हणजे महिनाभर गावोगाव मिरवणुका, आणि मिरवणूक म्हटली की ध्वनिगाडी. म्हणून आपणही ध्वनिगाडी लावायची. गाडीचं नाव राजा गेतार. गेतार म्हणजे थरथर, आणि हा थरथरीचा राजा! ट्रकवर कर्ण्यांची दुमजली भिंत. मालक दार्मो, सगळ्यांचा 'चाक' म्हणजे दादा, अभिमानाने सांगत होता, "बू निंग, मागच्या वर्षी एका गल्लीत सतरा खिडक्यांच्या काचा गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या." लोक आधीच काचांना चिकटपट्ट्या लावून ठेवतात, कौलं सुटतात ती नंतर लावतात. कोणाची तक्रार नाही. ज्या गावात गाडी आली नाही ते गाव रुसून बसतं.

महिनाभर किनाऱ्यावरच्या नऊ वाड्या. तेलुक सेंदांगही, म्हणजे आमची. गाडीने गाणं लावलं की लोकांनी मोजायचं, आणि विसाला टेकडीकडे पळायचं. सराव म्हणून. वर पोचणाऱ्याला बर्फाचं सरबत.

मी म्हटलं, भूकंपाची तयारी शिकवायला घरं हलवायची? साहेब म्हणाले, "बू निंग, तुम्ही थकलात की प्रत्येक गोष्टीत खोड दिसते तुम्हाला."

थकले आहेच. वाड्यांची यादी करायला घेतली.

२७ जुलै, रविवार

आजचा दिवस नको होता.

तेलुक सेंदांगमध्ये गाडीची पहिली फेरी. मी चाक दार्मोच्या शेजारी पुढे बसले होते. दुपारी बाराचा सुमार. त्याने बटण दाबलं आणि माझे दात वाजायला लागले. गल्लीत पोरं नाचत बाहेर आली. आणि समोरून बापाक — लुंगी हातात धरून, अनवाणी, तोंडात अजून घास. गाडीला वळसा घालून टेकडीकडे. मी दार उघडून ओरडले. त्यांना कसं ऐकू जाणार! मला तर मीच ऐकू आले नाही.

वाटेवरच्या तिसऱ्या वळणाला पडले. गुडघे सोलले, तळहात सोलले. मी पोचले तेव्हा उठून पुन्हा चढायला लागले होते. मला बघून म्हणाले, "आलीस? बरं झालं. चल, चल." दंडाला धरलं माझ्या. मी खाली गाडीकडे बोट दाखवलं. डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग म्हणाले, "हो का." आणि बसले.

खाली दहा-बारा पोरं फोन धरून उभी होती.

२८ जुलै

बापाक जिल्हाभर पळताहेत. लुंगी धरून, विवीच्या आवाजावर. कोणीतरी त्याची नाचाची स्टेपच केली — एक हात लुंगीला, एक हात हवेत. "आजोबांची धाव." दुपारपर्यंत दोन लाख लोकांनी पाहिलं.

साहेब खूश. "हे आपले बोधचिन्ह! कोण आहेत हे?"

माझे वडील, म्हटलं.

साहेबांनी फोन पुन्हा बघितला. मग म्हणाले, "मग तर परवानगीचा प्रश्नच नाही."

३० जुलै

बापाकना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, छाती कमजोर आहे. आणखी एकदा असे चढावर धावले तर वरून उचलून आणावं लागेल. महिनाभर गाड्या फिरणार आहेत ना? मग त्यांना बसवून ठेवा.

बसवून ठेवा! तीस वर्षांत कोणाला जमलं नाही.

परतताना स्कूटरवर बापाकनी मागून माझ्या खांद्यावर थाप मारून विचारलं, "पोरं माझ्यावर हसतात ते तुझ्याच गाण्यावर ना?" मी मान हलवली. "मग ठीक आहे," म्हणाले. मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

३ ऑगस्ट, रविवार

आज शिकवलं. दुसरा शब्द नाही.

चाक दार्मोला सांगून गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करवली. बापाकना ओट्यावर बसवलं, मी शेजारी, माझा हात त्यांच्या मांडीवर. गाडी सुरू. ते उठले. मी दाबून बसवलं. पुन्हा उठले. पुन्हा बसवलं. घामाने भिजले होते. पायाची बोटं जमिनीत रुतवून बसले, जसा बोटीवर माणूस बसतो. मी त्यांच्या डाव्या कानात ओरडले — "माझी गाडी! निंगची गाडी! काही नाही!"

सहाव्या खेपेला उठले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले. विचारलं, फरक कळतो का, गाडीचा आणि जमिनीचा? म्हणाले, "पूर्वी कळला असता. आता तळवा सगळं एकच सांगतो. तू म्हणतेस तर गाडी."

म्हटलं, ऑगस्टभर काही हललं तर बसायचं. लोक पळताना दिसले तरी बसायचं, तो सराव. गाड्या संपल्या की मी येऊन सांगेन.

"तू येऊन सांगशील," म्हणाले. पक्कं करून घेतलं.

बरोबर केलं ना मी? छाती फुटून मेले असते. बरोबरच केलं.

१० ऑगस्ट, रविवार

बापाक बसतात! गाडी गेली, गल्ली पळाली, हे ओट्यावर चहा पीत. शेजारीण पाइराह सांगत होती, "म्बा आता आम्हालाच सांगतात — आमच्या निंगची गाडी आहे, घाबरू नका. मोठ्या अभिमानाने सांगतात हं." तिने त्यांच्यासाठी तळलेलं सोयाबीनचं तेंपे ठेवलं होतं. बापाकचं वजन जरा भरल्यासारखं दिसतंय. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं जेवण गरम होतंय, असं पाइराह म्हणाली.

डोकं दुखतंय. आतड्यांपर्यंत ढोल वाजतात.

१७ ऑगस्ट

ध्वजवंदन, भाषणं, मिरवणूक. पाच ध्वनिगाड्या एकामागे एक. विवी ट्रकवर उभी राहून गायली, उतरताना माझा खांदा धरला. "ताई, विसाला माझा गुडघा गेला." मागे सातशे माणसं आजोबांची धाव नाचत होती. आणि बापाक सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर! मुखियाने बसवलं होतं, गळ्यात हार. लाजले होते. आता त्यांच्यावर हसत नाहीत, त्यांच्याबरोबर हसतात, असं मला वाटलं.

लिहिता लिहिता डोळे मिटताहेत.

२४ ऑगस्ट

मोठा सराव. सहाशे बारा माणसांची वाडी. तेरा मिनिटांत टेकडीवर. गेल्या वर्षी माझ्या पत्रकांवर एकोणतीस आले होते, त्यातले आठ आमच्याच कार्यालयाचे. पोरं मोठ्यांना ओढत होती. एक बाई कुलूप लावायला वळली तर सात वर्षांच्या मुलीने तिला झापलं — "आई, अठरा झाले!"

वर उभी राहून बघत होते. आई आठवली. तेव्हा असं एखादं गाणं असतं तर, असं वाटून गेलं. साहेब बाजूला येऊन म्हणाले, "बू निंग, आता तरी मान्य करा." केलं मान्य. मनापासून केलं.

बापाक खाली ओट्यावर. वरून हात केला, त्यांनीही केला.

३१ ऑगस्ट, रविवार

गाड्या संपल्या. चाक दार्मो कर्णे उतरवून घेऊन गेला. कानात अजून घुमतंय.

आज बापाककडे जाऊन सांगायचं होतं — संपलं, आता पुन्हा पूर्वीसारखं. ताप आहे. स्कूटर चालवणं शक्य नाही. पाइराहला फोन करून निरोप द्यावा का? पण दुसऱ्याच्या हातवाऱ्यांवर ते विश्वास ठेवत नाहीत. मीच बसवलं, मलाच उठवावं लागेल. पुढच्या रविवारी.

३ सप्टेंबर

ताप उतरला. राजधानीहून पाहुणे येताहेत, "तेलुक सेंदांगचा प्रयोग" पाहायला. अहवाल माझ्याकडे. चाळीस पानं हवीत. गाण्याची चाळीस पानं कशी करायची?

५ सप्टेंबर

सव्वीस पानं.

७ सप्टेंबर, रविवार

जाणार होते. सकाळी आंघोळ केली, कपडे घातले, किल्ली घेतली, आणि जरा टेकू म्हणून पलंगावर टेकले. उठले तेव्हा साडेतीन वाजले होते. मग पाहुण्यांच्या जेवणाच्या यादीसाठी साहेबांचा फोन. मग अंधार.

लोकांना सांगत फिरते — वीस सेकंद, उशीर नको. आणि मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पाहुणे गुरुवारी आहेत, त्यांच्या आदल्या दिवशी वाडीवर जायचंच आहे. बुधवारी सांगेन. तीन दिवसांनी काय होतंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

झालं. खरंच झालं. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी दहा चाळीस. मी टेबलाशी होते. आधी कपातला चहा हलला. हळू, अगदी हळू, कोणीतरी झोका देतंय तसं. मग कोपऱ्यातून शिपायाचा आवाज — एक, दोन, तीन. मग सगळेच. सगळं कार्यालय उभं राहून मोजत होतं. वीस झाले, तरी हलतच होतं. एकतीसपर्यंत मोजलं मी.

भिंतीवरचं घड्याळसुद्धा पडलं नाही. मला लगेच कळलं की हे तेच आहे. आईच्या वेळचं.

फोन बंद. किनाऱ्याचा रस्ता पुलापाशी तुटला, कोणाला सोडत नाहीत. मी दोनदा नाक्यावर जाऊन आले, सैनिकाने दोनदा परत पाठवलं. संध्याकाळी सातला वायरलेसवर वाडीचा मुखिया आला. आवाज फाटत होता. खालच्या दोन गल्ल्या गेल्या, म्हणाला. बोटी शाळेच्या पटांगणात आहेत. पण माणसं वर आहेत! "बू निंग, मोजत आले सगळे! पोरं पुढे! कोणी कुलूप नाही लावलं! सगळी वाडी वर आहे!" मागे लोकांचा आवाज येत होता. कोणी रडत होतं, कोणी चक्क गात होतं.

साहेब खुर्चीत बसून ढसाढसा रडले. मी त्यांना पाणी दिलं.

मी विचारलं, बापाक? मुखिया म्हणाला, "म्बा सार्कुम? खरं हललं की ते तर नेहमीच सगळ्यांच्या आधी वर! इथेच असतील कुठेतरी, अंधार पडलाय, सकाळी डोकी मोजतो." मग आवाज गेला.

शिपायाबरोबर विवीला निरोप पाठवलाय. चार वर्षं. पहिल्यांदा वाटतंय की फुकट नाही गेली. सकाळी चिखल तुडवत का होईना जाणार आहे. टेकडीवर बसले असतील, गार भाताची वाट बघत. मी नेईन डब्यात.

१० सप्टेंबर

सहाशे अकरा.

बापाक शाळेच्या भिंतीपाशी सापडले. पाइराह नातीला कडेवर घेऊन त्यांच्या दारावरून पळत गेली होती. ते ओट्यावर बसले होते. तिने हाताने "चला, चला" केलं. ते हसले आणि तिला म्हणाले, "बस गं. कशाला धावतेस? गाड्या संपल्या की निंग येऊन सांगणार आहे."